बीबीए की बीए? मोठ्या कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी डहाणू-तलासरीच्या पालकांनी हे समजून घ्या

डहाणू : बारावीचा निकाल लागला की कासा, वाणगाव, उधवा, झरी सगळीकडे घरात एकच विषय निघतो. पोराला पुढे कुठे टाकायचं? कोणी म्हणतो, बीए करून काय होणार, बीबीए केलं तर कंपनीत लागेल. कोणी म्हणतो, बीए करून स्पर्धा परीक्षा दे. आणि बरेच जण म्हणतात, निकाल तर लागू दे, मग बघू.

इथेच पहिली चूक होते. नावाजलेल्या कॉलेजांचे आणि प्रवेश परीक्षांचे बरेच फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी सुटतात आणि बंदही होतात. त्यामुळे बीबीए की बीए हा विचार बारावीच्या दिवाळीतच सुरू करायला हवा.

आधी दोन्ही कोर्स काय आहेत ते पाहू

बीबीए किंवा बीएमएस म्हणजे धंदा, कंपनी, हिशेब, मार्केटिंग, माणसं सांभाळणं याचं शिक्षण. बीएमध्ये इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, भाषा असे विषय येतात. हेच विषय एकमेकांत मिसळून, भरपूर वाचन आणि लेखनासह शिकवले की खासगी विद्यापीठं त्याला 'लिबरल आर्ट्स' म्हणतात. पुण्याचं फ्लेम, हरियाणातलं अशोका, बंगळुरू आणि भोपाळचं अझीम प्रेमजी विद्यापीठ ही त्यातली माहितीतली नावं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता दोन्हींमधली भिंत थोडी कमी झाली आहे. मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा एखादा विषयही घ्यावा लागतो. म्हणजे बीएच्या मुलीला हिशेबाचा किंवा व्यवसायाचा विषय घेता येऊ शकतो. मात्र कॉलेजात तो विषय शिकवतात का, हे आधी विचारा.

कोणता दरवाजा कुठे उघडतो

बीए केलं म्हणजे मॅनेजमेंटचा रस्ता बंद झाला, असं आपल्याकडे धरून चालतात. तसं नाही. आयआयएममध्ये एमबीए करायला कॅट परीक्षा द्यावी लागते आणि ती कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. पदवीला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ४५ टक्के गुण पुरतात. राज्याच्या एमबीए सीईटीलाही कोणतीही पदवी चालते. तसंच बीबीए केलेला मुलगा एमपीएससी, यूपीएससीला बसू शकतो.

मग फरक कुठे पडतो? तो पदवीच्या तीन-चार वर्षांत हाताला काय सवय लागते त्यात पडतो. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पानंच्या पानं मुद्देसूद लिहावी लागतात. ती सवय चांगल्या बीएमध्ये लागते. उलट ज्याला पदवी झाल्या झाल्या कमवायला लागायचं आहे, ज्याला हिशेब, विक्री, गोदाम यात रस आहे, त्याला बीबीए जवळचं पडतं.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. बंदराविषयी लोकांची मतं वेगवेगळी आहेत, तो विषय वेगळा. पण मालवाहतूक, गोदामं, हिशेब याची कामं निघाली तर तिथे मॅनेजमेंट शिकलेली पोरं लागतील. त्याच बंदराचा शेकडो पानांचा पर्यावरण अहवाल वाचायला, जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत नेमका प्रश्न मांडायला, पेसा कायदा समजावून सांगायला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल शिकलेलं माणूस लागतं. घोलवडच्या चिकूला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. तो माल बाहेर विकायला धंद्याचं ज्ञान हवं, आणि त्यामागची माणसं-परंपरा नीट मांडायला दुसरं ज्ञान हवं. गावाला दोन्ही लागतात.

प्रवेश कसा होतो

बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले. तेव्हापासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी सीईटी होते. पहिली २०२४ मध्ये झाली, तेव्हा ९० मिनिटांत १०० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले नाहीत. इंग्रजीवर मोठा भर असतो, शिवाय तर्क, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटर. मुंबई विद्यापीठातल्या काही कॉलेजांनी आपल्या बीएमएसचं नाव बदलून 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' केलं आहे. तिथला प्रवेश सीईटीविना होतो. म्हणून सीईटी चुकली असेल तर घाबरू नका, आधी कॉलेजात चौकशी करा.

बीएला राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. दिल्ली विद्यापीठ आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी द्यावी लागते. ती २०२२ मध्ये सुरू झाली आणि मराठी माध्यमही निवडता येतं. खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत असते.

बारावीनंतर थेट आयआयएममध्येही जाता येतं. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये पाच वर्षांचा कोर्स सुरू केला, नंतर रोहतक, रांची, जम्मू, बोधगया इथेही तो आला. अनुसूचित जमातीसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात. परीक्षेत गणित आणि इंग्रजी अवघड असतं, म्हणून अकरावीपासूनच तयारी हवी.

घराजवळचा चांगला पर्याय विसरू नका

चर्चगेटला सिडनहॅम आणि काळा घोड्याला एलफिन्स्टन ही दोन जुनी सरकारी कॉलेजं आहेत. सिडनहॅम वाणिज्यासाठी आणि एलफिन्स्टन कला शाखेसाठी नावाजलेलं. दोन्ही आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात येतात. सरकारी असल्याने खर्च खासगी विद्यापीठांच्या मानाने फारच कमी. डहाणू रोडवरून लोकल थेट चर्चगेटला जाते, पण एका बाजूचा प्रवासच अडीच-तीन तासांचा. रोज जाऊन-येऊन अभ्यास होत नाही, म्हणून राहण्याची सोय आधी बघा.

पैसे कुठून येणार

खरा प्रश्न हाच. त्यासाठी या गोष्टी माहीत हव्यात.

- पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती : अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर अर्ज करता येतो. उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये.
- स्वयम योजना : सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी थेट बँक खात्यात रक्कम येते. रक्कम शहराप्रमाणे ठरते, मुंबई-पुण्यासाठी ती जास्त असते. चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.
- केंद्राची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती : आदिवासी कार्य मंत्रालयाच्या यादीतल्या नामवंत संस्थांत प्रवेश मिळाला तर फी आणि राहण्याचा खर्च मिळतो. उत्पन्न मर्यादा ६ लाख रुपये.
- मुलींसाठी : ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये काढला. आपला कोर्स त्यात बसतो का, ते कॉलेजकडून नक्की करून घ्या.
- खासगी विद्यापीठं : अझीम प्रेमजी, अशोका अशा ठिकाणी घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत मिळते. फीचा आकडा पाहून लगेच मागे फिरू नका. सवलतीचा अर्ज प्रवेश अर्जासोबतच भरायचा का, ते आधी बघून ठेवा.

जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं समजू नका. राखीव जागेसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्रही मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच करा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि आधार जोडलेलं बँक खातंही तयार ठेवा. तलासरीतली बरीच मुलं जवळ पडतं म्हणून वापी, सिल्वासाकडे जातात. तिकडे प्रवेश घेण्याआधी आपल्या राज्याची शिष्यवृत्ती चालेल का, ते प्रकल्प कार्यालयात विचारून घ्या.

फसू नका

'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावून बीबीएच्या नावाखाली भरमसाठ फी घेणाऱ्या संस्था सगळीकडे आहेत. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार? एआयसीटीईची मान्यता आहे का? मागच्या वर्षीची मुलं कुठे कामाला लागली, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? उत्तर देताना चाचरले तर परत या. जमीन गहाण टाकून किंवा सावकाराकडून पैसे काढून साध्या संस्थेतलं बीबीए करण्यापेक्षा शिष्यवृत्तीवर चांगल्या कॉलेजात केलेलं बीए केव्हाही बरं. पाच वर्षांनी मुलाखतीत कोर्सच्या नावापेक्षा कॉलेज, गुण आणि पोराला बोलता-लिहिता येतं का, हेच बघतात.

मग ठरवायचं कसं

घरात बसून मुलाला किंवा मुलीला सरळ विचारा. दुकानाचा हिशेब, बाजारभाव, माल कुठे जातो यात त्याचं मन लागतं का? की पेपर वाचणं, वाद घालणं, लिहिणं, लोकांचे प्रश्न समजून घेणं तिला आवडतं? मग कागदावर तीन वर्षांचा सगळा खर्च मांडा : फी, राहणं, जेवण, पास, पुस्तकं. त्यातून शिष्यवृत्ती वजा करा. उरलेली रक्कम कर्ज न काढता झेपत असेल तर फॉर्म भरा. शक्य असेल तर दोन्ही प्रकारचे फॉर्म भरून ठेवा, निर्णय निकालानंतर घेता येतो.

आणि शेजारचा पोरगा गेला म्हणून आपलाही तिकडे, असं करू नका. शिकायचं त्यालाच आहे.

(परीक्षांच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या सीईटी सेल आणि सीयूईटीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तारखेवर विसंबू नये.)