एक वीत सिंहगड

पोलादपूरच्या स्टँडवरून महाबळेश्वरची एसटी धरली की आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटर चढायचं असतं. वळणांनी पोट ढवळतं, प्रतापगड मध्येच दिसतो, मध्येच ढगात जातो, आणि वर पोचेपर्यंत हवाच बदलते. हे अंतर मनात धरून ठेवा. सव्वादोन तासांचा युद्धपट व्हीएचएस कॅसेटवर पाहून होईपर्यंत व्हीसीआरच्या पोटातलं हेड फितीवरून जवळजवळ एवढीच मजल मारतं.

कॅसेटमधली फीत अर्धा इंच रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. म्हणजे सव्वादोन तासांत ती १९० मीटरच पुढे जाते. पण ती ज्याला विळखा घालून सरकते तो ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची दोन हेडं फितीवरच्या दोन तिरक्या रेघा वाचतात. एकेक रेघ दहा सेंटिमीटरला थोडी कमी. सिनेमा संपेपर्यंत अशा ४ लाख ५ हजार रेघा वाचून होतात. त्या एकापुढे एक मांडल्या तर ३९ किलोमीटर भरतात. म्हणजे कॅसेट लावली तेव्हा हेड पोलादपुरात होतं, आणि शेवटची पाटी आली तेव्हा महाबळेश्वराच्या बाजारात.

आमच्याकडे ‘व्हिडिओ आणणं’ असा शब्द होता. गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी आले की वर्गणी निघायची, महाडहून भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर जीपने यायचा आणि वाडीतल्या सर्वांत मोठ्या पडवीत रात्रभर पिक्चर चालायचे. त्यात भालजी पेंढारकरांचा १९५२ चा ‘छत्रपती शिवाजी’ असला की म्हातारी माणसंसुद्धा घोंगडी घेऊन येऊन बसायची. चंद्रकांत मांढरे महाराजांच्या वेशात समोर आले की आमची आजी हात जोडायची. ती कॅसेट इतक्या वाड्या फिरून आलेली असायची की पडद्याच्या तळाशी बर्फासारखी पांढरी पट्टी कायम थरथरत राही. मला त्या वयात ती लढाईतली धूळच वाटायची.

पुढे व्हीसीडी आली. तिच्यावर चित्र म्हणजे आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, एकूण १ लाख १ हजार ३७६. घोडदळ दौडू लागलं की त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे. एका चकतीवर ७४ मिनिटं मावत, म्हणून सिनेमा दोन चकत्यांत, आणि मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवलं तिथे न होता चकती संपली तिथे व्हायचं. तरी त्या पातळ चकतीवर माहितीची जी वाट कोरलेली असते ती सुमारे ५.४ किलोमीटर लांब. डीव्हीडीवर तीच वाट ११.८ किलोमीटर. ब्लू-रेवर २७. चकती प्रत्येक वेळी तीच, १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची. वाट तेवढी बारीक होत गेली.

किती बारीक, हे समजून घ्यायला मला डीव्हीडी मोठी करून पाहावी लागली. तिच्यावरचे दोन शेजारचे वळसे एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात. माणसाच्या केसाच्या जाडीत साधारण ९५ वळसे बसतात. आता ही चकती दहा लाख पट मोठी झाली असं समजा. वाटेची रुंदी ७४ सेंटिमीटर झाली, म्हणजे आपल्या घाटातली एका माणसाची पायवाट. तिच्यावरचे सर्वांत लहान खड्डे ४० सेंटिमीटरचे झाले. आणि चकती स्वतः १२० किलोमीटर व्यासाची झाली, म्हणजे मुंबईवर ठेवली तर तिची दुसरी कड महाड ओलांडून जाते. या चकतीवर मधोमध उभं राहून पायवाटेने गोल गोल बाहेर चालायला लागलं तर एकूण चाल १ कोटी १८ लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तेव्हा ही चाल त्याच्या तीसपट झाली. रोज ३० किलोमीटर चालणारा तगडा मावळा घेतला तरी त्याला १,०८० वर्षं लागतील. १६३० साली, शिवजन्माच्या दिवशी, तो निघाला असता तर आजवर वाटेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच पुढे गेला असता. हे सगळं सोळा-सतरा ग्रॅमच्या चकतीत आहे, आणि ती आपण दप्तरात वहीच्या पानात घालून नेत होतो.

त्यातही सिनेमा जसाच्या तसा बसत नाही. सव्वादोन तासांत सेकंदाला २४ या हिशेबाने १ लाख ९४ हजार ४०० चित्रं होतात. डीव्हीडीच्या मापाने प्रत्येक चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग लिहून काढले तर जवळपास २४० जीबी लागतात, आणि साध्या डीव्हीडीत जागा ४.७ जीबी. पन्नासात एक भाग ठेवायचा आणि बाकी सोडायचं. ते सोडायची युक्ती मला फार आवडते. जे हलत नाही ते पुन्हा पुन्हा लिहायचं नाही. कडा जागचा हलत नाही, म्हणून तो एकदाच नोंदवतात. कड्यावर चढणारी माणसं हलतात, म्हणून तेवढा बदल लिहितात. म्हणूनच युद्धपट चकतीला सर्वांत जड जातो. धूळ, धूर, पाऊस, शंभर तलवारी, सगळंच एकाच वेळी हललं की यंत्राला काय सोडावं ते सुचत नाही.

आणि मूळ फिल्म? ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चित्रं येतात. सव्वादोन तासांची फीत १२,१५० फूट, म्हणजे ३.७ किलोमीटर. हजार फुटांची एक अशी तेरा रिळं. डबे धरून तीस किलोच्या वर वजन. हे ओझं गावोगाव नेलं जात होतं आणि तंबूत, टुरिंग टॉकीजमध्ये चालवलं जात होतं.

इतकी सोय होत गेली, तरी मला जो युद्धपट सर्वांत आधी पाहायचा आहे तो कॅसेटवर आला नाही, व्हीसीडीवर आला नाही, डीव्हीडीवर आला नाही, आणि येण्याची शक्यताही दिसत नाही. त्याचा नायक आमच्या तालुक्याचा आहे.

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी तिथे आहे. कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, पडलेल्या तानाजींचा देह घाटमाथ्यावरून कोकणात उतरवला तो केळदजवळच्या घाटाने, आणि म्हणून त्याला मढे घाट नाव पडलं, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हा घाट खाली महाड तालुक्यात उतरतो. ती लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणजे चढाईची वेळ काळोखाची. गड घेतल्यावर पागेला आग लावून राजगडावर इशारा दिला, असं सभासदाच्या बखरीत येतं. सिंहगड ते राजगड सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर. त्या आगीचा उजेड महाराजांपर्यंत पोचायला सेकंदाचा वीस हजारावा भाग लागला असेल. मृत्यूची बातमी मात्र माणसाच्या पायांनी गेली.

या रात्रीवर हरि नारायण आपट्यांनी १९०३ मध्ये ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. मुख्य लढाई रात्रीची, आणि त्या काळी आपल्याकडचं चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चालायचं. पेंटरांनी कृत्रिम दिवे लावले. भारतीय सिनेमात रात्र रात्रीसारखी उजळून दाखवण्याचा पहिला प्रयत्न म्हणून ‘सिंहगड’चं नाव घेतात. उजेडाने इशारा दिलेल्या लढाईसाठीच आपल्या सिनेमाने पहिल्यांदा दिवा लावला, हे मला अजून विलक्षण वाटतं. पेंटर म्हणजे आपला कॅमेरा भावाबरोबर स्वतःच घडवायला घेतलेला माणूस, त्यांना दिव्याचं काय अवघड! शेलारमामांच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. वय वर्षं एकवीस-बावीस, आणि भूमिका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याची. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ पुन्हा केला, या वेळी बोलपट.

१९२३ च्या ‘सिंहगड’ला मुंबईत एवढी गर्दी लोटली की तिच्यामुळे सरकारचं लक्ष सिनेमाच्या कमाईकडे गेलं आणि करमणूक कर आला, असं सांगितलं जातं. मुंबईचा करमणूक कर कायदा १९२३ चाच आहे. कर गर्दीमुळे आला की कसा, यात मी पडत नाही. पण तिकिटाच्या रांगेची गोष्ट शंभर वर्षं टिकली आणि ज्याच्यासाठी रांग लागली ते गेलं, याची हळहळ वाटते.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. तासाभराच्या चित्रासाठी ७,२०० फेरे आणि ५७,६०० चित्रं. कॅमेरामनचं मनगट हेच घड्याळ. ‘सिंहगड’च्या अशा हजारो चित्रांतलं पडद्यावर चालवता येईल असं आज हाताशी काहीच उरलेलं नाही.

एकटा ‘सिंहगड’ गेला असता तर नशीब म्हणता आलं असतं. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यातले आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास आहेत. महाड ते पोलादपूर हा अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता म्हणजे आपला सगळा मूकपट धरला, तर उरलेला भाग चार-साडेचारशे मीटर. महाड सोडायच्या आतच रस्ता संपला.

त्याला कारण फितीत आहे. जुनी फीत नायट्रेटची. ती पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच देते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. जळली नाही तर चिकट होते, मग तिची पूड होते. आणि तिच्यात चांदी असते, म्हणून कित्येक फिती धुऊन चांदी काढली गेली. एका हंगामात चालून गेलेला सिनेमा पुढे कोणी पाहील, हे कोणाच्या मनातच नव्हतं. घरी सिनेमा ठेवायची कल्पनाच नसल्याने एकेका चित्रपटाच्या प्रती मोजक्या. ‘छत्रपती शिवाजी’ वाड्यावाड्यांत पोचला, त्याच्या कॅसेटी झिजल्या, चकत्यांवर चरे पडले, तरी कुठे ना कुठे एक शाबूत राहिली. ‘सिंहगड’ला ही संधी मिळाली नाही.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तोवर ‘सिंहगड’ला एकेचाळीस वर्षं झाली होती. संग्रहालयात गेलेली फीतही नेहमी सुरक्षित राहिली असं नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळं गेली. हा आकडा मी कित्येकदा वाचला होता, पण तो डोक्यात शिरत नव्हता. एक दिवस कागदावर मांडला. एक रीळ हजार फुटांचं धरलं तर जळालेली फीत १,५५० किलोमीटर होते. महाड आणि पोलादपूरच्या दारातून जाणारा आपला ६६ क्रमांकाचा महामार्ग पनवेलहून कन्याकुमारीला जातो, सुमारे १,६०० किलोमीटर. पनवेलपासून फीत अंथरायला घ्या. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, चिपळूण, सगळं कोकण, गोवा, मंगळूर, कोची, जवळपास कन्याकुमारीपर्यंत. तेवढी एका दिवसात गेली.

२०२० मध्ये आलेल्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटाने उमरठच्या याच माणसाच्या कथेवर देशात पावणेतीनशे कोटींहून अधिक कमाई केली. दोन वर्षांनी केंद्र सरकारने २,२०० जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी जाहीर केले. म्हणजे एका चित्रपटामागे साडेसोळा लाख. रक्कम लहान नाही आणि काम फार चांगलं आहे. पण जे फितीवर उरलंच नाही त्याला पैसे लावून काय दुरुस्त करणार? आपण तानाजींवर इतका खर्च करतो, त्यांच्या नावावर इतकं कमावतो, आणि त्यांच्यावरचा पहिला मोठा चित्रपट आपल्या हातून गेला याची आमच्या तालुक्यात कुणाला खबरही नाही. मला हे सहन होत नाही.

घरातली चकतीही अमर नसते. २२ जुलै २०२१ ला महाडात सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा लग्नाचे अल्बम, कॅसेटी आणि सीडी चिखलात गेल्या. पण त्यातल्या बऱ्याच सिनेमांची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या कपाटात होती.

तेव्हा एक विनंती आहे. महाड, बिरवाडी, पोलादपूर, कुणाच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याचा गोल चपटा डबा असेल आणि तो उघडायला जड जात असेल, तर चुलीजवळ किंवा उन्हात उघडू नका. फीत उलगडायला जाऊ नका. थंड, कोरड्या जागी, घरापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आत काही नसेलही. पण मूकपटाच्या काळातली एक फूट फीत म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. वीतभर सापडली तरी बारा चित्रं होतात, आणि बारा चित्रांत एकवीस-बावीस वर्षांचा शेलारमामा कमरेची तलवार उपसू शकतो.