लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड : स्टिकरवरचं नाव आणि त्याखालचे आकडे

मागच्या व्याख्यानात आपण प्रोसेसर समजून घेतला. आज त्याच्या शेजारी बसलेल्या ग्राफिक्स कार्डाकडे वळू या.

सुरुवात एका घरातल्या गोष्टीने करतो. आमच्या ओळखीतले दोन आतेभाऊ-मामेभाऊ, दोघेही ॲनिमेशन शिकतात. दोघांनी एकाच महिन्यात लॅपटॉप घेतले. दोघांच्या लॅपटॉपवर एकच स्टिकर : जीफोर्स आरटीएक्स ४०६०. एकाचा लॅपटॉप जाड, दणकट, थोडा स्वस्त. दुसऱ्याचा पातळ, देखणा आणि महाग. ब्लेंडरमधलं एकच दृश्य दोघांनी रेंडर केलं, तर महागड्या लॅपटॉपला जवळजवळ दीडपट वेळ लागला. त्याच्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून तो घेतला होता. त्यांना वाटलं, यंत्र सदोष आहे. दोन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. तिथे सांगितलं, यंत्रात काही दोष नाही. आणि ते खरंच होतं. यंत्र ठीक होतं, नाव वाचण्यात चूक झाली होती.

ही चूक महाग पडते, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते. पण ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी हल्लीच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली असते. जे घेतलं, ते चार-पाच वर्षं तसंच वापरायचं. म्हणून घेण्याआधी दहा मिनिटं काढून माहितीपत्रक वाचायला शिकणं गरजेचं आहे.

ग्राफिक्स कार्ड करतं काय?

पंगतीचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. एक मुख्य आचारी असतो. त्याला भाजी येते, आमटी येते, श्रीखंडाचा अंदाज येतो, ऐनवेळी पाहुणे वाढले तर काय करायचं तेही कळतं. हा झाला प्रोसेसर. पण पाचशे माणसांच्या पोळ्या लाटायच्या असतील तर एकटा आचारी किती पुरणार? तिथे वीस जणी ओळीने बसतात आणि प्रत्येक जण एकच साधं काम करते. हे झालं ग्राफिक्स कार्ड.

आता हिशोब बघा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख वेळा ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक हिशोब साधा, पण संख्या प्रचंड. म्हणून या चिपमध्ये हजारो छोटे गणक असतात. एनव्हिडिया त्यांना क्युडा कोअर म्हणते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० मध्ये असे ३०७२ कोअर आहेत, ४०७० मध्ये ४६०८.

इथे पहिली सूचना. कोअरची संख्या एकाच पिढीतल्या कार्डांमध्येच ताडून बघायची. लॅपटॉपच्या आरटीएक्स २०६० मध्ये १९२० कोअर होते आणि पुढच्या पिढीतल्या ३०६० मध्ये ३८४०. आकडा बरोब्बर दुप्पट, पण वेग काही दुप्पट झाला नाही. मधल्या काळात कोअरची रचना बदलली आणि मोजायची पद्धतही त्याबरोबर बदलली.

नाव तेच, कार्ड वेगळं

डेस्कटॉपचं कार्ड आणि लॅपटॉपचं कार्ड एकाच नावाने विकलं जातं, पण ते एकच असतं असं नाही. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटचं पॉवर रेटिंग आहे. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर, १६ जीबी मेमरी आणि मूळ मर्यादा जास्तीत जास्त १५० वॅट. कोअर आणि मेमरी बघितली तर लॅपटॉपचं ४०९० हे डेस्कटॉपच्या ४०८० च्या जातीचं आहे. यात फसवणूक म्हणावी असं काही लपवलेलं नाही. माहितीपत्रकात 'लॅपटॉप जीपीयू' असं लिहिलेलं असतं. फक्त ते दोन शब्द जाहिरातीत बारीक होतात किंवा गळून पडतात.

म्हणून इंटरनेटवर एखाद्या कार्डाची परीक्षा वाचताना आधी बघायचं, ती डेस्कटॉपची आहे की लॅपटॉपची.

वॅट : सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा आकडा

आपण मिक्सर घ्यायला जातो तेव्हा दुकानदाराला विचारतो, ५०० वॅटचा की ७५० वॅटचा? ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कुणीच विचारत नाही. त्या आतेभाऊ-मामेभावांची गोष्ट इथेच घडली.

लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते की या चिपला किती वीज द्यायची. याला टीजीपी म्हणतात, म्हणजे टोटल ग्राफिक्स पॉवर. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपसाठी एनव्हिडियाने दिलेला पल्ला ३५ ते ११५ वॅट आहे. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा कमी, म्हणून तिथे वॅट कमी ठेवले जातात. वीज कमी मिळाली की चिप हळू चालते. या कार्डाचा बूस्ट क्लॉक १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ असा दिलेला असतो, तो याचसाठी.

आता एक छोटं गणित. कार्डाची कागदावरची ताकद काढायची पद्धत सोपी आहे : कोअरची संख्या, गुणिले दोन, गुणिले क्लॉक.

४०६० : ३०७२ × २ × १.४७ गिगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ९ टेराफ्लॉप्स. तेच २.३७ गिगाहर्ट्झला सुमारे १४.६.

४०७० : याचा क्लॉक १२३० ते २१७५ मेगाहर्ट्झ. खालच्या टोकाला सुमारे ११.३ टेराफ्लॉप्स, वरच्या टोकाला सुमारे २०.

हे चार आकडे पुन्हा एकदा बघा. कमी वॅटवर बसवलेलं ४०७० हे पूर्ण वॅटच्या ४०६० पेक्षा कागदावर मागे पडतं. नाव मोठं, पैसे जास्त, काम कमी. प्रत्यक्षात फरक कामाप्रमाणे कमी-जास्त होतो. वॅट वाढवत नेले तर वरच्या टोकाला फायदा घटतही जातो, म्हणजे ११५ वॅटचं कार्ड ५८ वॅटच्या दुप्पट चालणार नाही. पण दिशा हीच राहते.

हा प्रकार नवा नाही. जुन्या एमएक्स १५० या कार्डाचे २५ वॅट आणि १० वॅट असे दोन अवतार एकाच नावाने बाजारात होते. २०१७ मध्ये आलेल्या मॅक्स-क्यू या प्रकारात निदान नावावरून कळायचं की हे कमी विजेचं कार्ड आहे. २०२१ च्या ३००० मालिकेपासून ती खूण नावातून गेली. तेव्हापासून वॅटचा आकडा शोधूनच वाचावा लागतो.

एक बारीक गोष्ट. काही ठिकाणी ४०६० साठी '१४० वॅट' लिहिलेलं दिसेल. त्यात ११५ मूळ आणि २५ वॅट डायनॅमिक बूस्टचे असतात. प्रोसेसरला काम कमी असेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळवली जाते. म्हणजे हे २५ वॅट कायम मिळतीलच असं नाही.

आणि माहितीपत्रकात वॅट सापडलेच नाहीत तर? ॲडॅप्टर उलटा करून बघा. त्यावर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. २० व्होल्ट गुणिले ११.५ अँपिअर, म्हणजे २३० वॅट. अशा ॲडॅप्टरवर ताकदीचं कार्ड पोसलं जाऊ शकतं. पण ॲडॅप्टरच एकूण १०० वॅटचा असेल, तर त्यातून प्रोसेसर, पडदा, पंखे आणि वर ११५ वॅटचं कार्ड सतत चालणार कसं? हाच नियम बॅटरीला लागू होतो. चार्जर काढला की कार्डाची वीज बरीच कमी केली जाते, म्हणून जड काम नेहमी चार्जर लावून करायचं.

मेमरी : ओटा आणि कोठीची खोली

आता पुन्हा पंगतीकडे. पोळ्या लाटणाऱ्यांच्या हाताशी जो ओटा असतो, ती ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. आणि पलीकडची कोठीची खोली म्हणजे लॅपटॉपची रॅम. ओट्यावर सामान मावतंय तोवर काम झपाट्याने चालतं. मावलं नाही की कोठीत फेऱ्या सुरू.

या फेऱ्या किती महाग? ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २५६ जीबी माहिती देऊ शकते. मदरबोर्डच्या वाटेने रॅमकडून तिला सेकंदाला सुमारे १६ जीबीच मिळते. वाट सोळापट अरुंद झाली. म्हणून व्हीरॅम संपली की गेम अडखळतो, रेंडर रेंगाळतं, किंवा सरळ 'मेमरी संपली' असा संदेश येतो.

दुकानात 'सोळा जीबी ग्राफिक्स' असं ऐकलं तर लगेच विचारायचं : डेडिकेटेड किती? ८ जीबी स्वतःची आणि ८ जीबी रॅममधून उसनी धरून सोळा सांगण्याची पद्धत आहे. उसनी मेमरी हिशोबात धरू नका.

यातच पुढचा आकडा येतो, बस-रुंदी. हा ओट्यापासून हातापर्यंतचा रस्ता. ४०६० चा १२८ बिटचा, ४०५० चा ९६ बिटचा. प्रत्येक वाटेने सेकंदाला १६ गिगाबिट जातात असं धरलं, तर १२८ × १६ ÷ ८ = २५६ जीबी, आणि ९६ साठी १९२ जीबी. लॅपटॉपचं ४०७० सुद्धा ८ जीबी आणि १२८ बिटचंच आहे. त्यात कोअर दीडपट आहेत, पण ओटा आणि रस्ता ४०६० एवढाच. तुमचं काम मेमरीमुळे अडत असेल तर ४०७० ला दिलेल्या जादा पैशांचा उपयोग फार होणार नाही.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी मेमरीचा प्रकारही बघावा. ९४०एमएक्स हे कार्ड डीडीआर-३ आणि जीडीडीआर-५ अशा दोन्ही मेमरींसह आलं होतं. पहिल्याचा वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी, दुसऱ्याचा सुमारे ४०. नाव दोघांचं एकच.

घरी आहे त्या लॅपटॉपवर तपासायचं कसं?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. तिथे डेडिकेटेड आणि शेअर्ड मेमरी वेगवेगळी दिसते. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. अलीकडच्या लॅपटॉपवर तिथे 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीत वॅट मिळतात. त्याच यादीत बस-रुंदी आणि मेमरीचा वेगही असतो. दुकानात डेमोचा लॅपटॉप सुरू असेल तर हे दोन मिनिटांत बघता येतं. विनंती करा, कुणी सहसा नाही म्हणत नाही.

शेवटी, आलेला एक प्रश्न

एका ताईंनी विचारलंय, "मुलगी आर्किटेक्चरला आहे. बजेट मर्यादित आहे. नेमकं काय बघू?"

ताई, आधी मुलीच्या सीनिअर विद्यार्थ्यांना विचारा की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणतं सॉफ्टवेअर लागतं. त्रिमितीय मॉडेल आणि रेंडरिंग असेल तर क्रम असा ठेवा : आधी व्हीरॅम, मग वॅट, मग कार्डाचं नाव. नावासाठी मेमरी सोडू नका, कारण ती नंतर वाढत नाही. पातळ लॅपटॉप रोज पाठीवर वाहायला बरा, हेही खरं आहे. मुलीला बस-लोकलने जायचं असेल तर वजनाचाही विचार करा. फक्त त्या हलकेपणासाठी किती वेग सोडतोय, हे माहीत असू द्या.

आणि केवळ लिखाण, हिशोब, व्हिडिओ बघणं, कोडिंग शिकणं एवढंच असेल तर वेगळं कार्ड नको. प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स पुरतं. ते रॅमच वापरतं, म्हणून तिथे रॅमची एकच पट्टी असण्यापेक्षा दोन पट्ट्या असलेल्या बऱ्या. माहिती दोन वाटांनी येते.

त्या वडिलांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. लॅपटॉप परत झाला नाही. मुलगा आता कामं रात्री रेंडरला लावून झोपतो आणि सकाळी उठून बघतो. काम होतं, वेळ लागतो. पण धाकट्या मुलीसाठी लॅपटॉप बघायला गेले तेव्हा त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला : "वॅट किती?" एवढं आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं तरी आजचं व्याख्यान कारणी लागलं.