शंभर शाळांची अट

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याला कुस्तीचे वेड जुने आहे. शालेय मुलांची राज्य अजिंक्यपद स्पर्धा तिथे 1938 पासून भरते. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा कर्ट अँगल याच राज्यातल्या शाळेच्या मॅटवर तयार झाला, आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाने 2011 पासून राष्ट्रीय विजेतेपदांवर जवळजवळ मक्ताच घेतला आहे. एवढी मोठी परंपरा असूनही 2020 उजाडेपर्यंत या राज्यातल्या एकाही शाळेने मुलींचा स्वतंत्र कुस्ती संघ उभा केला नव्हता. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत तिथे शंभर शाळांचे संघ झाले. हे कसे घडले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

मुली तोवर कुस्ती खेळत नव्हत्या असे नाही. त्या मुलांच्या संघात सराव करायच्या आणि मुलांशीच लढायच्या. कित्येक ठिकाणी तेवढीही मुभा नव्हती. मध्य पेनसिल्व्हेनियातील एका शाळा मंडळाने मुलीला मुलांच्या संघात खेळायला बंदी केली, तेव्हा प्रकरण संघराज्य न्यायालयात गेले आणि 2014 मध्ये न्यायालयाने त्या मुलीला खेळू देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण वयात आल्यावर मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत पडणारा फरक न्यायालय कसा मिटवणार? वजन सारखे असले तरी हे अंतर राहतेच. मुलींना आपल्या बरोबरीच्या मुलींशी लढता यावे यासाठी मुलींचे संघ हवे होते.

राज्यातल्या शालेय खेळांचा कारभार 'पीआयएए' ही संघटना पाहते. तिचा नियम साधा आहे: 100 शाळांनी एखाद्या खेळाचा संघ अधिकृतपणे सुरू केला की त्या खेळाची राज्य स्पर्धा भरवण्याचा विचार होतो. म्हणजे आधी संघ, मग स्पर्धा. आणि इथेच गाडी अडते. पुढे स्पर्धाच नसेल तर संघ काढून काय करायचे, असे शाळा विचारतात. संघच नाहीत तर स्पर्धा कोणासाठी, असे संघटना विचारते. ही कोंडी फोडायला स्वयंसेवकांनी 'सँक्शन पीए' ही मोहीम उभी केली. 2020 मध्ये लँकेस्टर शहरातल्या मॅकॅस्की हायस्कूलने पहिला संघ जाहीर केला. मुहूर्त अवघड होता, कारण त्याच सुमारास कोरोनाने शाळा बंद पडल्या. तरीही एकामागून एक शाळा येत गेल्या आणि 2023 च्या सुरुवातीला शंभराचा आकडा गाठला गेला.

एका शाळेत संघ सुरू होतो म्हणजे नेमके काय होते? पेनसिल्व्हेनियात 500 शाळा जिल्हे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते. ठराव त्या मंडळासमोर मांडावा लागतो. त्याची बैठक खुली असते, तिथे पालक आणि विद्यार्थिनी उभे राहून बोलू शकतात. मग प्रशिक्षक, गणवेश, प्रवासाची बस, सरावाची जागा यांचा हिशोब होतो. इथे कुस्तीला एक मोठा फायदा आहे. मुलांचा संघ असलेल्या शाळेकडे मॅट आधीच असते. लढतीचे वर्तुळ किमान 28 फूट व्यासाचे लागते. मॅटच्या जाडजूड पट्ट्या गुंडाळून ठेवता येतात आणि व्यायामशाळेत पुन्हा पसरता येतात. नवे मैदान बांधायचे नसते. शिवाय 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेदभाव करता येत नाही, खेळातही नाही. ही तरतूदही मंडळाच्या टेबलावर ठेवता येते.

नव्या संघाची खरी परीक्षा मात्र मॅटवर होते, आणि तिथले गणित फार कठोर आहे. दोन शाळांच्या सामन्यात प्रत्येक वजनगटातून एकेक खेळाडू उतरतो. गट 13 आहेत असे धरू. मुलींसाठी ते 100 पौंडांपासून, म्हणजे सुमारे 45 किलोपासून, 235 पौंडांपर्यंत, म्हणजे 106 किलोच्या पुढे जातात. ज्या गटात आपली खेळाडू नाही तिथे समोरच्या संघाला न लढताच 6 गुण मिळतात, चितपट कुस्तीला मिळतात तेवढेच. आता समजा, नव्या शाळेकडे पाचच मुली आहेत. त्या पाचही जणींनी प्रतिस्पर्ध्यांना अस्मान दाखवले तर गुण होतात 30. रिकाम्या आठ गटांचे प्रतिस्पर्ध्याला मिळतात 48. एकही कुस्ती न हरता संघ हरतो! म्हणून जाणते प्रशिक्षक पहिल्या वर्षी मुलींना वैयक्तिक स्पर्धांना नेतात, शेजारच्या शाळांना सोबत घेऊन संयुक्त संघ बांधतात आणि शाळेच्या आवारात फिरून मुली गोळा करतात. बास्केटबॉलला उंची कमी पडली म्हणून मागे राहिलेली 45 किलोची मुलगी इथे संघाला अत्यंत मोलाची असते. दुसऱ्या कोणत्या शालेय खेळात अंगकाठीच्या इतक्या प्रकारांना राखीव जागा आहे, मला आठवत नाही.

अमेरिकन शाळांत ऑलिंपिकची फ्रीस्टाइल खेळत नाहीत, 'फोकस्टाइल' नावाचा प्रकार खेळतात. त्यात भर असतो प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ताब्यात ठेवण्यावर. खालचा खेळाडू सुटून उभा राहिला तर त्याला गुण मिळतो, फ्रीस्टाइलमध्ये तो मिळत नाही. खांदे दोन सेकंद टेकले की चितपट. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते.

आयांच्या मनात पहिली भीती खालच्या गटात बसण्यासाठी वजन उतरवण्याची असते आणि ती रास्त आहे. 1997 च्या अखेरीस घाईने वजन उतरवताना तीन विद्यापीठीय मल्ल महिनाभराच्या अंतरात मरण पावले. त्या धक्क्यातून नियम बदलले. 2006-07 पासून शाळांतही हंगामाच्या आरंभी लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी आहे ना ते पाहतात, चरबी मोजतात आणि त्यावरून कमीत कमी वजन ठरवून देतात. मुलींच्या बाबतीत चरबी 12 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन घटवायचे नाही. मला हा नियम या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा वाटतो.

2023-24 च्या हंगामात पेनसिल्व्हेनियात मुलींची कुस्ती अधिकृत झाली आणि 2024 च्या मार्चमध्ये हर्शी या चॉकलेटच्या गावी, जायंट सेंटरमध्ये, मुलींची पहिली अधिकृत राज्य स्पर्धा पार पडली. हा मान पहिल्यांदा मिळवणारे राज्य मात्र हवाई. तिथे 1998 मध्येच मुलींची राज्य स्पर्धा सुरू झाली होती. देशभरचे आकडे पाहिले की थक्क व्हायला होते. 1994 मध्ये शालेय कुस्ती खेळणाऱ्या मुली होत्या 804. 2022-23 मध्ये त्या 50,016 झाल्या आणि पुढच्याच वर्षी 64,257. विद्यापीठांतही अशीच आकड्याची अट होती, 40 संघांची. ती पूर्ण झाल्यावर विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने 2025 च्या जानेवारीत महिला कुस्तीला अजिंक्यपदाचा दर्जा दिला आणि पहिली स्पर्धा 2026 साठी ठरवली. योगायोग असा की हर्शीच्या स्पर्धेआधी एकच वर्ष, 2023 च्या मार्चमध्ये, सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली आणि प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना एक सांगणे आहे. मुलीच्या शाळेत कुस्तीचा संघ आहे का, ते आधी विचारा. नसेल तर शाळा मंडळाच्या पुढच्या खुल्या बैठकीला जा आणि तिच्या दोन मैत्रिणींना बरोबर न्या. मॅकॅस्कीचा संघही एका ठरावानेच सुरू झाला.