यकृताचा विकार आणि वेदनाशामक गोळी

बालरोगतज्ज्ञाने प्रौढांच्या यकृताविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्याकडे बाळासोबत बहुधा आजी-आजोबाही येतात आणि बाळाची चिठ्ठी लिहून झाली की त्यांच्या शंका निघतात.

काही वर्षांपूर्वी अशोका गार्डनमधील एक आजोबा तापलेल्या नातवाला घेऊन आले. मी पॅरासिटामॉल लिहिताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे नको. याने लिव्हर खराब होते. मला सिरॉसिस आहे, मी याला शिवतसुद्धा नाही. गुडघ्यांसाठी दुसरी गोळी घेतो." त्यांनी खिशातून काढलेली पट्टी डायक्लोफिनॅकची होती, तीन आठवडे, दिवसातून दोनदा. मी शौचाचा रंग विचारला. "दोन दिवस डांबरासारखा काळा आहे," ते सहज म्हणाले. ते रक्तस्रावाचे लक्षण होते. त्याच दुपारी त्यांना रुग्णालयात दाखल केले. एंडोस्कोपीने रक्तस्राव थांबवता आला आणि ते वाचले.

पॅरासिटामॉलविषयीचा त्यांचा समज खोटा नव्हता, अर्धवट होता. या औषधाचा बहुतांश भाग यकृतात निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. थोड्या भागापासून एक विषारी द्रव्य तयार होते आणि यकृतातील ग्लुटाथायोन ते लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार झाली, किंवा उपासमारीने वा नित्याच्या मद्यपानाने ग्लुटाथायोनचा साठा आटला, तर तेच विष यकृताच्या पेशी नष्ट करते. म्हणून मात्रेला महत्त्व. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. जुनाट यकृतविकारात सर्वसाधारणपणे २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, एवढीच मर्यादा मानतात. दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून आणि थोडे दिवसच. कृश रुग्णांना, नियमित मद्य घेणाऱ्यांना अथवा कावीळ झालेली असताना तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन आणि दुखण्यासाठी घेतलेली ॲस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रोखून वेदना शमवतात. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच द्रव्यांच्या आधारावर टिकून असतो. तो आधार गेला की मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि पोटातील पाणी वाढते. शिवाय जठराच्या अस्तराला इजा होते, प्लेटलेट्सचे काम मंदावते आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. निमेसुलाइड तर थेट यकृतालाच इजा करू शकते. आपल्या देशात १२ वर्षांखालील मुलांना ते देण्यास २०११ पासून बंदी आहे. हृदयविकारासाठी लहान मात्रेत ॲस्पिरिन चालू असेल, तर मात्र ती परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

दुकानात नुसती "दर्द की गोली" मागितली की अनेकदा मिश्रणाची गोळी हाती पडते. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते आणि नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते. म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत आणि दुकानदाराला आधीच सांगावे, "लिव्हर का मरीज हूँ." सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत, त्यांत न सांगता वेदनाशामके वा स्टिरॉइड मिसळलेली आढळतात. गुडघेदुखीत गरम शेक, व्यायाम आणि काठीचा आधार यांनीही गोळ्यांची गरज कमी होते.

काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पोट फुगणे किंवा वागण्या-बोलण्यात गोंधळ दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. त्या आजोबांना कुणीतरी "पॅरासिटामॉल टाळा" एवढेच सांगितले होते. काय चालेल, हे सांगितले नव्हते. गुडघे तर दुखतच होते, म्हणून ते दुकानात गेले. यकृताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर कोणती गोळी, किती आणि किती दिवस, या तीन गोष्टी आपण लिहून देऊ या.