निळोणा किती खोल? उपग्रहाला विचारूया

यवतमाळची तहान भागवणाऱ्या निळोणा धरणात गाळ किती साचलाय, हे उपग्रहावरून कळेल का? नेहमीची रीत अशी: पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो, निळा खोल जातो, परतणाऱ्या निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरून खोली काढायची. पण त्यासाठी तळ दिसायला हवा ना! आपल्याकडच्या गढूळ पाण्यात प्रकाश तरंगत्या मातीवरूनच माघारी फिरतो.

म्हणून मला दुसरी वाट पटते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरत जातं, सेंटिनेल-२ साधारण दर ५ दिवसांनी टिपतो. प्रत्येक काठ म्हणजे एक समोच्च रेषा. तिला धरणावरची पाणीपातळीची नोंद जोडली की तळाचा नकाशा. तो जुन्या सर्वेक्षणाशी ताडला की गाळ. २०१८ सारखा टंचाईचा उन्हाळा शहराला जीवघेणा, या नकाशाला मात्र उपयोगी. जो तळ कधीच उघडा पडत नाही, तिथे होडी आणि सोनारच लागतो (दागिन्यांचा नव्हे).