संगणकाचं उत्तर बरोबर कशावरून? संगणकीय भौतिकशास्त्राच्या वर्गात नेमकं काय शिकवतात

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध थांबायला जेमतेम तीन दिवस उरले होते. सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर इराकने डागलेलं स्कड क्षेपणास्त्र आदळलं आणि २८ सैनिक ठार झाले. अशी क्षेपणास्त्रं हवेतच पाडण्यासाठी पेट्रियट यंत्रणा तिथे तैनात होती. ती बंद नव्हती. उलट सलग सुमारे १०० तास सुरू होती, आणि घोळ तिथेच झाला.

या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. सेकंद काढण्यासाठी त्या आकड्याला ०.१ ने गुणलं जायचं. पण संगणक ०.१ ही साधी संख्या नेमकी लिहूच शकत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश म्हणजे ०.३३३... असं न संपणारं शेपूट येतं, तसंच द्विमान पद्धतीत एक दशांशाचं होतं. पेट्रियटमध्ये ते शेपूट २४ बिटांवर कापलेलं होतं. चूक एका कोटीव्या भागापेक्षाही किंचित कमी. पण १०० तासांत सेकंदाचे दहावे भाग ३६ लाख होतात. तेवढ्या वेळात घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकलं. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. त्यामुळे यंत्रणा आकाशात अर्धा किलोमीटरहून अधिक चुकीच्या जागी त्याला शोधत राहिली. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

संगणकाने आकडेमोड कशी करायची, हे शिकवणाऱ्या अनेक वर्गांमध्ये ही गोष्ट सांगितली जाते. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या ‘संगणकीय भौतिकशास्त्र’ या विषयाचा गाभाही इथेच आहे. नाव ऐकून हा प्रोग्रॅमिंगचा तास वाटतो. प्रत्यक्षात प्रोग्रॅम लिहिणं हा त्यातला सोपा भाग. पडद्यावर आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, हे शिकणं अवघड.

मुळात हा विषय लागतो कशाला?

भौतिकशास्त्राची समीकरणं लिहिता येतात, पण बहुतेक वेळा सोडवता येत नाहीत. सूर्य आणि एक ग्रह एवढंच असेल तर कागद-पेन्सिल पुरते. तिसरा गोल आला की सर्वसाधारण सूत्र हाती लागत नाही. हायड्रोजनच्या अणूचं समीकरण नेमकं सुटतं, हेलियममध्ये एक इलेक्ट्रॉन वाढला की ते सुटेनासं होतं. मग द्रवातले कोट्यवधी रेणू किंवा आकाशगंगेतले तारे यांचं काय? सिद्धान्त आणि प्रयोग यांच्या जोडीला आकडेमोडीचा तिसरा रस्ता आला तो या अडचणीतून.

लहान पाऊल म्हणजे अचूक पाऊल?

वर्गातला पहिला धक्का बहुधा ०.१ अधिक ०.२ या बेरजेने बसतो. नेहमीच्या ६४ बिटांच्या आकडेमोडीत उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. संगणक बिघडलेला नसतो, त्याच्याकडे पंधरा-सोळा अंकांपुरतीच जागा असते.

दुसरा धक्का विकलनाचा. एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे काढायचं तर जवळजवळच्या दोन बिंदूंवरच्या किमतींची वजाबाकी करून मधल्या अंतराने भागायचं. अंतर जितकं लहान तितकं उत्तर अचूक, असं बारावीचं गणित सांगतं. संगणकावर अंतर कमी करत गेलं की सुरुवातीला उत्तर सुधारतं. पण अंतर एकाच्या दहा कोटीव्या भागाच्या खाली गेलं की ते पुन्हा बिघडू लागतं. जवळपास सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की खरे अंक एकमेकांना खोडतात आणि हातात उरतो तो शेपूट कापल्याचा कचरा. किती बारीक व्हायचं यालाही मर्यादा आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः आलेख काढल्याशिवाय पटत नाही.

पृथ्वी सूर्यापासून पळाली

यानंतरचा गृहपाठ वरकरणी निरुपद्रवी असतो: पृथ्वीला सूर्याभोवती फिरवा. वेळेचे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात आत्ताच्या वेगावरून नवी जागा काढायची आणि आत्ताच्या बलावरून नवा वेग. ही ऑयलरची पद्धत. प्रोग्रॅम दहा ओळींचा. चालवला की पृथ्वी गोल फिरण्याऐवजी हळूहळू बाहेर सरकत जाते. दर फेरीला कुठूनशी थोडी ऊर्जा वाढते. ऊर्जा अक्षय्य असते हे शाळेपासून पाठ असलं तरी प्रोग्रॅमला ते कोणी सांगितलेलं नसतं.

उपाय फारच छोटा आहे. आधी नवा वेग काढायचा आणि मग त्या नव्या वेगाने नवी जागा काढायची. दोन ओळींची अदलाबदल, बस. पाऊल पुरेसं लहान असेल तर पृथ्वी कक्षेत टिकते. ऊर्जा थोडी वर-खाली होत राहते, पण एका दिशेने वाहत जात नाही. रुंगे-कुट्टा ही चौथ्या कोटीची प्रसिद्ध पद्धत थोड्या वेळासाठी याहून कितीतरी अचूक आहे, पण लाखो फेऱ्या मारल्या तर तिच्यातही ऊर्जा हळूहळू सरकते. म्हणून ‘सगळ्यात चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नाला इथे एकच उत्तर नाही. प्रश्न किती काळाचा आहे आणि काय जपायचं आहे, यावर ते ठरतं.

याच घराण्यातल्या पद्धती द्रवातल्या अणूंसाठी वापरतात. या कामात हैदराबादला जन्मलेले अनीसुर रहमान यांचं नाव मोठं आहे. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ मध्ये संगणकावर द्रवरूप अरगॉन ‘तयार’ केला, तोही फक्त ८६४ अणूंचा. थेंबभर द्रवात किती अणू असतात हे आठवलं तर हा आकडा हास्यास्पद वाटेल. त्यावरची युक्ती अशी की डबीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो, जसा मोबाइलवरच्या सापाच्या खेळात काही वेळा साप येतो. त्यामुळे डबीला काठच उरत नाही. अणू द्रवात किती वेगाने पसरतात याचा रहमान यांचा आकडा प्रयोगापेक्षा १५ टक्क्यांनी कमी आला आणि तो त्यांनी तसाच छापला. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकशास्त्राचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

फाशांवर भरवसा

काही प्रश्नांत मात्र पावलापावलाने जाऊन भागत नाही. लोहचुंबकाचं एक अगदी साधं चित्र घ्या: २० बाय २० चौकटींचा पट आणि प्रत्येक घरात वर किंवा खाली तोंड केलेला एक बाण. एकूण रचना होतात २ चा ४०० वा घात, म्हणजे १ वर १२० शून्यं एवढ्या. त्या सगळ्या तपासायला विश्वाचं वयही पुरणार नाही.

१९४६ मध्ये आजारातून उठत असताना स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता हिशेबाने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजणं सोपं, हे त्यांच्या लक्षात आलं. मोनॅकोतल्या जुगारघरावरून या पद्धतीचं नाव माँटे कार्लो पडलं. १९५३ मध्ये लॉस अलामॉसच्या पाच जणांनी तिला आजचं रूप दिलं. एक बाण उलटा करून पाहायचा. ऊर्जा कमी झाली तर बदल स्वीकारायचा. वाढली तर फासा टाकायचा आणि तापमानानुसार कधी स्वीकारायचा, कधी नाकारायचा. पद्धत ओळखली जाते ती यादीतल्या पहिल्या लेखकाच्या, मेट्रोपोलिस यांच्या नावाने. पण यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिला तो अरियाना रोझेनब्लुथ यांनी, आणि त्यांचं नाव फारच थोड्यांना माहीत असतं.

या पद्धतीचा खर्च मोठा आहे. उत्तरातली चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे आणखी एक दशांश स्थळ हवं तर शंभरपट काम. शिवाय फासा प्रामाणिक हवा. संगणकाकडे खरा फासा नसतो, तो सूत्राने आकडे बनवतो. आयबीएमच्या यंत्रांवर एकेकाळी सर्रास वापरलं जाणारं ‘रँडू’ हे सूत्र याचं बदनाम उदाहरण. त्याचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर ते सगळीकडे विखुरत नाहीत, अवघ्या १५ प्रतलांवर रांगेत बसतात. याहून वाईट प्रकार १९९२ मध्ये समोर आला. चांगल्या समजल्या जाणाऱ्या एका सूत्राने बाणांच्या याच पटावर, एका नव्या आणि चलाख पद्धतीत, चुकीची उत्तरं दिली. चूक पकडली गेली कारण द्विमितीय पटाचं नेमकं उत्तर गणिताने ठाऊक होतं. लार्स ऑन्सागर यांनी ते १९४४ मध्येच काढून ठेवलं होतं.

म्हणून ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे तो आधी सोडवून पाहा, असा आग्रह वर्गात धरतात. विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला वेळेचा अपव्यय वाटतो. या सगळ्याला महासंगणकही लागत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवला तेव्हा आकडेमोडीची ताकद हा देशाच्या प्रतिष्ठेचा विषय होता. आज वर्गातले बहुतेक गृहपाठ साध्या लॅपटॉपवर होतात.

चूक की शोध?

सगळ्यात अवघड वेळ येते ती उत्तर अनपेक्षित असतं आणि पडताळायला जुनं उत्तर नसतं तेव्हा. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि उलाम यांनी लॉस अलामॉसच्या मॅनियॅक संगणकावर स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची साखळी हलवून पाहिली. प्रोग्रॅमचं काम मेरी त्सिंगू यांचं. स्प्रिंगा किंचित ‘वाकड्या’ होत्या, म्हणजे ताण आणि बल यांचं प्रमाण सरळ नव्हतं. त्यामुळे एका कंपनाला दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. ऊर्जा मोजक्या कंपनांत फिरली आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परतली.

प्रोग्रॅममध्ये खोट आहे की निसर्गच असा आहे? १९५५ चा अहवाल निघाला तेव्हा फर्मी हयात नव्हते. त्सिंगू यांचं नाव लेखकांत नव्हतं, तळटीपेत आभार होते. १९६५ मध्ये नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी अशा साखळीशी जवळचं नातं असलेलं लाटांचं समीकरण संगणकावर सोडवलं. त्यात एकमेकींतून आरपार जाऊनही न मोडणाऱ्या लाटा सापडल्या. त्यांना त्यांनी सॉलिटॉन हे नाव दिलं आणि ऊर्जा का परतते याचा उलगडा होऊ लागला.

मेरी त्सिंगू, लग्नानंतरच्या मेरी मेन्झेल, यांनी जेम्स टक यांच्यासह तीच साखळी पुन्हा आणि कितीतरी जास्त वेळ चालवून पाहिली. त्याचा निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आला. पुढच्या फेऱ्यांमध्ये परतणारी ऊर्जा आधी थोडी थोडी कमी होत गेली होती. मग ती पुन्हा वाढत गेली आणि साखळी पहिल्या वेळेपेक्षाही अधिक नेमकेपणाने आपल्या मूळ स्थितीजवळ आली.