बरा झालेला मासा मूळ टँकमध्ये सोडताना

विलगीकरणात बरा झालेला मासा मूळ टँकमध्ये कधी सोडायचा, हे त्याच्या अंगावरच्या खुणांपेक्षा आजाराच्या जीवनचक्रावर ठरते. गोड्या पाण्यातील माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजेच ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इक’, यासाठी पाहण्यासारखा आहे. हिवाळ्यात रात्री पाणी अचानक गार झाले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि गोल्डफिश, मॉली, एंजल अशा घरोघरी पाळल्या जाणाऱ्या माशांच्या पंखांवर मिठाचे कण सांडल्यासारखे ठिपके दिसू लागतात.

‘इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलिस’ हा एकपेशीय परजीवी या आजाराचे कारण आहे. दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या थराखाली बसून पोसला जाणारा जीव. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे चक्र सुमारे आठवडाभरात पूर्ण होते. १० अंशांच्या आसपास त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो.

औषधे काम करतात ती प्रामुख्याने पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखालच्या आणि कवचातल्या अवस्था त्यातून निसटतात. त्यामुळे शेवटचा ठिपका गळून पडला तो दिवस सुटकेचा मानू नये. कल्ल्यांमधले ठिपके तर बाहेरून दिसतही नाहीत. ठिपके गेल्यावरही औषधाचा क्रम पूर्ण करावा आणि त्यानंतर साध्या पाण्यात, औषधाविना, मासा किमान दोन आठवडे निरोगी राहतो का ते पाहावे. या काळात तो नेमाने खायला हवा, पंख पसरून पोहायला हवा, आणि कल्ल्यांची उघडझाप संथ असायला हवी. पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारा किंवा दगडांवर अंग घासणारा मासा अजून बरा झालेला नाही.

आता मूळ टँक. एकच मासा आजारी दिसला म्हणून तेवढाच बाहेर काढला, तरी परजीवी मागे उरलेलाच असतो आणि इतर माशांच्या अंगावर त्याचे चक्र चालू राहते. म्हणून तिथेही उपचार हवेत. नाहीतर बरा झालेला मासा पुन्हा त्याच आजाराच्या तोंडी जातो. सगळेच मासे हलवले असतील, तर रिकामा टँक परजीवीला उपाशी मारतो. पण त्याच काळात फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही उपाशी पडतात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू अमोनियावाचून हळूहळू कमी होतात. फिल्टर सुरू ठेवून अधूनमधून चिमूटभर खाद्य पाण्यात टाकले, तर ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. मासा सोडण्याआधी टेस्ट किटने पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत.

मिठाचे उपचार झाले असतील तर नायट्राइटकडे दुप्पट लक्ष हवे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मिठातील क्लोराइड हा शिरकाव रोखते. मीठ घातलेल्या पाण्यात लाभलेले हे संरक्षण बिनमिठाच्या टँकमध्ये पाऊल ठेवताच संपते, त्यामुळे आधी निभावून गेलेले प्रमाण आता जिवावर बेतू शकते.

मीठ एकाएकी काढणेही बरे नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात सतत पाणी झिरपत असते आणि त्याचे मूत्रपिंड ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकते. पाण्यातले क्षार अचानक बदलले की या यंत्रणेवर ताण येतो, आणि आजारातून उठलेल्या माशाकडे त्यासाठी फारशी ताकद नसते. रोज थोडे पाणी काढून त्याजागी क्लोरीन घालवलेले, मूळ टँकइतक्याच तापमानाचे साधे पाणी भरत गेल्यास काही दिवसांत मीठही उतरते आणि औषधही. उरलेले औषध शोषून घ्यायला फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवावा. उपचारासाठी हीटर वाढवला असेल तर तापमान दिवसाला एक-दोन अंश या बेताने खाली आणावे. पीएचही जुळायला हवा. सातवरून आठवर गेलेला आकडा लहान दिसतो, पण त्यामागे आम्लतेत दहापट फरक असतो. एका टँकमध्ये बोअरवेलचे आणि दुसऱ्यात नळाचे पाणी असेल, तर हा फरक सहज पडू शकतो.

इतकी तयारी झाली की प्रत्यक्ष बदलीला तासभर पुरतो. जाळीत ओढाताण होऊन अंगावरचा चिकट थर खरवडला जातो, आणि रोगजंतूंविरुद्धची माशाची पहिली ढाल तोच थर असतो. म्हणून मासा भांड्याने अलगद उचलावा. भांडे वीस मिनिटे टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवावे, मग दर थोड्या वेळाने त्यात टँकचे पाणी घालावे. शेवटी मासा तेवढा टँकमध्ये जावा. भांड्यातले पाणी मोरीत ओतावे. औषधाचे थोडेसे अंशही झाडांना, गोगलगायींना आणि झिंग्यांना सोसत नाहीत. तांबे असलेल्या औषधांबाबत तर कसलीच सवलत घेऊ नये.

गोल्डफिश सहसा सोबत्याला सामावून घेतात. एंजल, गौरामी आणि सिक्लिड मात्र आपापली जागा राखून असतात; काही आठवडे गैरहजर राहिलेला मासा त्यांच्या लेखी परकाच. मासा सोडण्याआधी दगड-झाडांची मांडणी बदलली की सगळ्यांच्याच हद्दी मोडतात. दिवे बंद ठेवावेत आणि इतरांना आधी खाऊ घालावे. पाठलाग थांबतच नसेल तर जाळीचा पडदा लावून काही दिवस दोन भाग करावेत.

पहिल्या दिवशी खाणे कमीच द्यावे. उपचाराचा टँक लगेच मोडू नये. आणखी दोन आठवडे तो चालू स्थितीत असला, तर आजार उलटल्यास वेळ वाया जात नाही. त्यानंतर टँक, जाळी आणि नळ्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. पूर्ण कोरडेपणात हा परजीवी तग धरत नाही.